पाचवं शील आणि जिभेखालची गोळी

ज्यांच्यामुळे मी शिकलो, ते माझे मोठे मामा. धामणगाव बढ्याला राहतात. लेखात नाव घालू का, असं विचारलं तेव्हा म्हणाले, "नाव कायले पाह्यजे? मामा लिही. जिल्ह्यातल्या सगळ्या मामाईले वाटलं पाह्यजे, आपल्यावरच लिव्हलं." म्हणून या लेखात कुणाचंच नाव नाही.

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. सातवीचा निकाल लागला त्या उन्हाळ्यात मामा आमच्याकडे आले, माझं दप्तर उचललं आणि वडिलांना म्हणाले की याला मी नेतो. पुढची पाच वर्षं मी त्यांच्या घरी राहिलो. मामा जिनिंगमध्ये हमाल होते. दिवाळीपासून होळीपर्यंत कापसाच्या गाठी ट्रकमध्ये चढवायच्या आणि बाकीचं वर्ष मिळेल ते काम करायचं, असं त्यांचं चाललेलं असायचं. शिक्षण चौथीपर्यंत. संध्याकाळी आंघोळ झाली की माझ्यासमोर मांडी घालून बसायचे आणि म्हणायचे, वाच. मी इतिहासाचा धडा वाचायचो. दुसऱ्या दिवशी भाकरीच्या सुट्टीत तोच धडा मामा बाकीच्या हमालांना सांगायचे, आणि त्यात पदरचं बरंच घालायचे. गाठीला हूक लावताना मामांच्या समोर जो उभा राहायचा, त्या त्यांच्या जोडीदारानं एकदा मला रस्त्यात अडवलं. "काय बे, तो राजा हरते तवा त्याची बायको किल्ल्यावरून उडी मारते का? तुहा मामा मारते म्हणते." पुस्तकात त्या राजाच्या बायकोचा उल्लेखही नव्हता. मी म्हटलं, हो, मारते.

बी.ए.चा निकाल घेऊन मी बसमधून उतरलो, तेव्हा स्टँडवर सगळ्यांसमोर मामा माझ्या पाया पडले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: आमच्या भागात मामा भाच्याच्या पाया पडतो. भाच्यानं पडायचं म्हटलं तरी मामा पडू देत नाही. द्यायचं तेही मामानंच. भाच्याच्या हातून काही घेणं मामाला चालत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीनं धम्म घेताना जुन्या कितीतरी रीती नदीत सोडल्या, ही मात्र घरात राहिली. त्या दिवशी मला फार संकोच वाटला. दोन्ही घरांतला मी पहिला पदवीधर होतो, आणि मला पदवीपर्यंत नेणारा माणूस स्टँडच्या धुळीत माझ्या चपलांना हात लावत होता.

पुढे समाजकार्याचं शिक्षण घेऊन मी सरकारी दवाखान्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक म्हणून लागलो. तिथल्या प्रमुख मानसोपचारतज्ज्ञ बाई कोकणातल्या. सगळे त्यांना मॅडमच म्हणत. सुरुवातीला त्यांना वऱ्हाडी कळायची नाही. नंतर त्या रुग्णांशी वऱ्हाडीतच बोलू लागल्या, आणि इतकी चुकीची बोलायच्या की रुग्ण हसायचे. हसला की माणूस बोलायला लागतो.

मला वाटायचं, आपल्याकडे व्यसन म्हणजे दारू. मॅडमनी माझे डोळे उघडले. अफूच्याच कुळातल्या, जबर वेदनेवर द्यायच्या कॅप्सूल आमच्या भागात सुट्या विकल्या जात होत्या. हमाल, ड्रायव्हर, मळणीयंत्रावरचे मजूर त्यांना 'ताकदीची गोळी' म्हणायचे. आधी कंबर दुखते म्हणून घ्यायची. मग घेतली नाही तर जांभया येतात, नाक-डोळे वाहतात, हाडं मोडल्यासारखी होतात, म्हणून घ्यायची. मग एक पुरत नाही. मॅडमनी आम्हा सगळ्यांना, लिपिकाला आणि गाडीच्या ड्रायव्हरलासुद्धा, समोर बसवून शिकवलं की या गोळीनं माणूस मरतो तो कसा. तो तडफडत नाही. झोपतो, घोरतो, श्वास विरळ होत जातो, ओठ निळे पडतात. याच्यावर उताऱ्याचं इंजेक्शन आहे, पण ते वेळेत टोचावं लागतं. "दारू प्यालेल्याला लोक निदान लिंबू पिळून देतात," त्या म्हणाल्या. "याला काहीच करणार नाहीत. दमलेल्या माणसाला झोपेतून उठवू नये, असं आपल्या आयांनी शिकवलंय ना."

माझ्या घरीही नेमकं तेच होणार आहे, हे मला ठाऊक नव्हतं. मामा ती कॅप्सूल घेतात हेही मला ठाऊक नव्हतं.

हंगामाचा शेवटचा माल गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मामींचा फोन आला. आवाजात काळजी नव्हती. "बापू, मामा सकाळपासून झोपेल आहेत तुमचे. जेवाले उठवू का राहू देऊ? लोक म्हणतात, थकला माणूस, राहू द्या." मामांना अंगणात निंबाखाली खाटेवर घातलं होतं. त्यांचं घोरणं मला फोनमध्ये ऐकू येत होतं. दोन घोरण्यांच्या मध्ये इतका वेळ जात होता, की मला वाटलं फोन कटला. मी मामींना ओठ बघायला सांगितलं. त्या खाटेजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "जांभूळ खाल्ल्यावानी दिसून राह्यले."

'राहू द्या' म्हणणारा मामांचा जोडीदार तिथंच बसला होता. मी मामींना फोन त्याच्या कानाला लावायला सांगितला. हाक मार, छातीच्या हाडावर मुठीनं जोरात घास. त्यानं घासलं. मामा उठले नाहीत. मग मी त्याला सांगितलं की मान मागे कर, नाक दाब आणि तोंडाला तोंड लावून हवा फुंक. तो एरवी प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलणारा माणूस. त्या दिवशी एक शब्द न बोलता त्यानं सांगितलं तसं केलं. रुग्णवाहिका मी केंद्रातल्या दुसऱ्या फोनवरून बोलावली होती; ती येईपर्यंत तो करत राहिला. ग्रामीण रुग्णालयात उताऱ्याचं इंजेक्शन होतं. ते तिथं होतं, कारण वर्षभर मॅडम प्रत्येक बैठकीत तोच एक मुद्दा काढत होत्या, की हे औषध जिल्ह्याच्या कपाटात ठेवून उपयोग नाही, खेड्याच्या वाटेवर ठेवा. त्यांच्या त्या अर्जांची पाकिटं मीच चिकटवायचो. ती कुणाकरता चिकटवतोय, ते त्या दुपारी कळलं.

मामा उठून बसले आणि पहिलं वाक्य बोलले, "ट्रक निंघाला का?"

मामा आमच्याच केंद्रात उपचाराला आले. नातेवाइकाची फाइल मी उघडायची नाही, असा मॅडमचा नियम. त्यामुळे इथं लिहितोय ते मामांनी स्वतः सांगितलेलं किंवा मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. उपचार असा असतो: रोज केंद्रात यायचं, सिस्टर जिभेखाली एक गोळी ठेवतात, ती विरघळेपर्यंत समोर बसायचं. तोवर बोलायचं नाही, गिळायचं नाही. या गोळीनं अंगाची तडफड थांबते, जुन्या कॅप्सूलची ओढ कमी होते, आणि माणूस कामाला जाऊ शकतो. पहिल्या दिवशी तोंड ओलं करायला मी पाण्याचा पेला पुढे केला. मामांनी हात मागे घेतले. सिस्टरना काय झालं ते कळेना. शेवटी त्यांनी माझ्या हातातून पेला घेऊन मामांना दिला, तेव्हा मामा प्यायले. मग गोळी जिभेखाली ठेवून भिंतीला टेकून बसले. इतका बोलका माणूस गप्प बसलेला मी पहिल्यांदा पाहिला. हातानंच मला खुणा करत होते, तू जेवला का?

धामणगावाहून रोज बसनं येणं म्हणजे अर्धा दिवस जातो. हंगाम सुरू झाला की माणसं उपचार सोडायची आणि परत कॅप्सूलवर जायची. मॅडमनी यासाठीही वर्षभर मागणी लावून धरली: जे स्थिर झालेत त्यांना आठवड्याची मात्रा घरी द्या, घरातल्या एका माणसाला जबाबदार धरा. एका बैठकीत एक अधिकारी म्हणाले, नशेच्या बदल्यात सरकारनं नशा वाटायची का? मॅडमनी त्यांच्या चष्म्याकडे पाहिलं. "साहेब, चष्म्यानं डोळे बरे झाले का तुमचे? तरी रोज लावताच ना." अधिकारी हसले, पण त्या दिवशी सही झाली नाही. नंतर कधीतरी झाली. सरकारी काम सावकाश होतं. ते व्हावं म्हणून कुणीतरी न कंटाळता दारात उभं राहावं लागतं, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

मामांची आठवड्याची डबी मामींच्या ताब्यात आली. मामा गाठी उचलायचं सोडून जिनिंगच्या वजनकाट्यावर बसू लागले. अंग भरलं. पुन्हा भाकरीच्या सुट्टीत गोष्टी सुरू झाल्या. मला वाटलं, आता काही चिंता नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मामी मला म्हणाल्या, "बापू, तुमचे मामा विहारात पाचवं शील म्हणत नाहीत."

रविवारची वंदना विहारात मामांच्याच आवाजात होते. ते एकेक शील म्हणतात आणि मागून सगळी वस्ती म्हणते. पाचवं शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं. मामा चार म्हणून थांबायचे. मग दुसरं कुणीतरी पाचवं उचलायचं आणि वंदना पुढे जायची. कुणी मुद्दाम बोललं नव्हतं. फक्त जोडीदार एकदा पायरीवर म्हणाला होता, "गोळी खाऊन शील म्हणतं काय बे तू?" त्याच्या दृष्टीनं ती नेहमीची थट्टा. मामांनी ती घरी नेली.

आषाढ पौर्णिमा जवळ आली. त्या दिवसापासून तीन महिने वर्षावास, रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन आणि वंदना. पौर्णिमेच्या चार दिवस आधी मामांचा फोन आला. आवाज खूश होता.

"भाचे, आजपासून बंद केली गोळी."

काऊन, असं मी विचारलं. "चौथं शील खोटं न बोलाचं," मामा म्हणाले. "गोळी खाऊन पाचवं म्हटलं तं चौथं मोडते. म्हणाचे तं पाचई खरे म्हणाचे."

त्यांचा विचार इतका सरळ होता की आत बोट शिरायला जागा नव्हती. भीती मात्र मला कळत होती. औषध एकदम सोडलं की तडफड परत येते. तडफडीत माणूस जुन्या कॅप्सूलकडे जातो, आणि जुनीच मात्रा घेतो. पण शरीर आता ती सोसायची सवय विसरलेलं असतं. निंबाखालची ती दुपार पुन्हा आली तर या वेळी मामी फोन करतीलच, याची काय खात्री?

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, समजावून सांगायला फोन पुरणार नाही. मामांनी फोनवर गोळी घ्यायला नकार दिला होताच. सुट्टीच्या दिवशी, पौर्णिमेच्या आदल्या दुपारी, आम्ही दोघं बसनं धामणगावला गेलो. मामा ओसरीत बसले होते, अंगावर पांघरूण, नाक पुसत. तरी मॅडमसाठी खुर्ची त्यांनी स्वतः आणली.

मॅडमनी विचारलं, ही जिभेखालची गोळी घेतल्यावर काय वाटतं? मामा म्हणाले, काहीच वाटत नाही, सकाळी उठतो, कामावर जातो. आणि ती कॅप्सूल घेतल्यावर? "तिच्यानं तं मी हवेत चालू, मॅडम." मग यातली नशा कोणती ते तुम्हीच सांगा, असं मॅडम म्हणाल्या. मामांनी पांघरुणाचा काठ सारखा केला.

"तुमाले समजते, मले समजते," ते म्हणाले. "पण विहारात मी एकटा नाही म्हणत."

मॅडमनी पुढे वाद घातला नाही. उद्या वंदनेला मी येऊन बसले तर चालेल का, एवढंच विचारलं. रात्री त्या तिथल्या आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरकडे राहिल्या, आणि मी मामांजवळ. मामा कूस बदलत होते. पहाटे कधीतरी उठून दारापर्यंत गेले आणि परत आले. मी जागा होतो.

पौर्णिमेला विहार भरला होता. पांढरे कपडे, उदबत्ती, मागच्या सतरंजीवर बायका आणि त्यांच्यात मॅडम. मामा समोर बसले. त्रिशरण झालं. पहिलं शील, दुसरं, तिसरं, चौथं. मामा थांबले.

एरवी कुणीतरी पाचवं उचलायचं. त्या दिवशी कुणी उचललं नाही. कुणी ठरवलं होतं असं नाही. बहुधा प्रत्येकाला वाटलं की शेजारचा म्हणेल. छताचा पंखा तेवढा वाजत होता. मामांनी वाट पाहिली, आणि मग बसल्या जागी मागे वळले.

ते हळू बोलले, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "मी रोज जिभेखाली एक गोळी ठेवतो, हे तुमाले मालूम आहे. आजच्यासाठी बंद केली. अंग मोडून राह्यलं. आज पहाटे ती जुनी कॅप्सूल मांगाले निंघालो होतो. दारातून परत आलो. उद्या परत येईन का नाही, ते मी सांगू शकत नाही. मले विचाराचं आहे, दवाखान्याची गोळी चालू ठेवून मी पाचवं म्हणू का नोको?"

कॅप्सूल ते कुणाकडे मागायला निघाले होते, हे त्यांनी सांगितलं नाही. पण जोडीदार खाली मान घालून बसला होता, आणि माझ्या लक्षात आलं. मग तोच बोलला.

"तू निळा पडला होता तवा तुह्या तोंडात म्या हवा फुकली. तुह्या तोंडाले तमाखूचा वास येते. पुन्हा नाही फुकणार मी." एक बाई हसली आणि तिनं पदर तोंडाला लावला. तो पुढे म्हणाला, "दवाखान्याची गोळी खाय अन् म्हण. तू म्हटल्याबिगर आमी म्हणत नाही."

मागून कुणीतरी 'हाव, म्हण' म्हटलं. मग दोन-तीन जणांनी म्हटलं. मामा पुन्हा समोर वळले. त्यांचा आवाज पहिल्या शब्दाला फाटला, मग नीट लागला. त्यांच्यामागून सगळा विहार पाचवं शील म्हणाला.

वंदना संपल्यावर मॅडमनी डबी मागितली. मामींनी ती कमरेच्या पिशवीतच आणली होती. मामा पायरीवर बसले, गोळी जिभेखाली ठेवली आणि गप्प झाले. जोडीदार शेजारी टेकला. "आता याले बोलता येत नाही, तवर मी बोलून घेतो," असं म्हणून त्यानं मॅडमना त्या राजाच्या बायकोची गोष्ट सुरू केली. मामा हातानं खुणा करत होते की असं नाही, असं नाही.

पुढच्या सोमवारी मामांच्या मागोमाग जोडीदार आमच्या केंद्रात उपचाराला आला. तो काही दिवस आला, मग हंगामात गायब झाला, मग पुन्हा आला. असंच असतं. मॅडम त्याला कधी रागावल्या नाहीत. प्रत्येक वेळी पहिल्यांदा आल्यासारखं त्याचं वजन करायच्या. जिल्ह्याच्या पुढच्या बैठकीत त्यांनी नवीन मुद्दा मांडला: उपचाराची माहिती फक्त दवाखान्यात देऊ नका, विहारात, मंदिरात, मशिदीत जाऊन द्या, कारण माणूस औषध तिथं सोडतो. आता काही गावांत भोंग्यावरून दवंडी होते की घोरणारा माणूस हलवूनही उठत नसेल तर तो झोपलेला नाही, गाडी बोलवा. सुट्या कॅप्सूल विकणारी एक टपरी बंद झाली, दुसरी कुठंतरी उघडली असणार. ते काम चालू आहे.

यंदा मॅडमची बदली झाली. ती बातमी मामांना फोनवर सांगवेना. शिवाय फोनवर आभाराचा एक शब्द काढला की मामा 'ठेव आता' म्हणून बंद करतात. म्हणून पत्र पाठवलं, मोठ्या अक्षरात, त्यांना स्वतः वाचता येईल असं.

*

मामा आणि मामी,

सविनय जयभीम.

मॅडमची बदली झाली आहे. जाताना त्यांनी तुमची आठवण काढली. म्हणाल्या, मामांना सांगा, मला आता वऱ्हाडी येऊन राह्यली, आणि मला जाऊन राह्यलं. तुम्ही असता तर हसला असता. हसून मग त्यांना नीट बोलायला शिकवलं असतं.

त्यांच्या जागी नवीन डॉक्टर आले आहेत. तरुण आहेत, चांगले आहेत. ते तुम्हाला विचारतील, किती दिवस घेणार ही गोळी? सगळे नवीन डॉक्टर विचारतात. त्यांना वाईट हेतू नसतो. तुम्ही लाजून 'आता बंद करतो' असं म्हणू नका. लागेल तितके दिवस, असं सांगा. कमी करायची झालीच तर त्यांच्यासोबत बसून, हळूहळू करायची. पौर्णिमा बघून करायची नाही.

तुमची फाइल मी उघडत नाही, अजूनही. म्हणून तुम्हीच सांगत जा.

तुम्ही मला समोर बसवून 'वाच' म्हणायचे. बाकीचे वाचून मोठे होतात. मला वाटतं, कुणीतरी ऐकायला बसलं होतं, म्हणून मी वाचत राहिलो. केंद्रात मी आता तेच करतो. माणसासमोर बसतो आणि म्हणतो, सांगा. या कामाचा मला पगार मिळतो, तुम्हाला मिळत नव्हता.

तुम्ही मला पाया पडू देत नाही. पत्राला तुम्ही अडवू शकत नाही, म्हणून इथं पडतो.

मी रविवारी सकाळच्या बसनं येतोय. मामी, भाकर आणि ठेचा करा, पाहुण्यासारखं काही करू नका. वंदनेला मागच्या रांगेत जोडीदाराशेजारी बसेन. तिथं पंखा फार वाजतो. पाचवं जरा मोठ्यानं म्हणा.

तुमचा भाचा